तू न धावलेले रस्ते

ट्रॉय, मिशिगन
रविवार, ५ ऑक्टोबर १९८६

प्रिय गुरुदत्त,

हे ‘प्रिय’ हाताच्या सवयीनं लिहून गेलंय, त्यावर फार जाऊ नकोस. शुक्रवार दुपारपासून मी अशी काही हादरलेय की काल कुकर लावला, तीन शिट्ट्या केल्या आणि झाकण उघडून बघते तर आत डाळ नाही, तांदूळ नाहीत, नुसतं पाणी खदखदतंय. लोकांत मी तुला अहो-जाहो करते, तुझ्या काकूंच्या धाकानं लागलेली सवय ती. पण बेळगावच्या कॉलेजात ज्याच्याबरोबर एका टेबलावर प्रॅक्टिकल केली त्याला पत्रात कसलं अहो? पत्रात तू तो तूच. आणि आज ते बरंच आहे, कारण जे विचारायचंय ते ‘तुम्ही’ म्हणून विचारताच आलं नसतं. एप्रिलपासून आजपर्यंत, सहा महिन्यांत, तू आयर्लंडमध्ये एक मैल तरी धावलास का रे? उत्तर देऊ नकोस, मला ते कळलंय. पण हे पत्र तुझ्या हातात गुरुवारच्या आत पडलं पाहिजे, म्हणून टपालात न टाकता तुझ्या इथल्या ऑफिसातल्या प्रतापकडे देतेय. तो उद्या निघतो आणि मंगळवारी तुमच्या तिथल्या, कॉर्क शहरातल्या फॅक्टरीत पोचतो. त्याला बजावून सांगितलंय, लाडवांचा डबा मागून, पत्र आधी.

डिट्रॉइटचा एअरपोर्ट आठव. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये तू छाती धरून खाली बसलास, तेव्हापासून डॉक्टर कानीकपाळी ओरडताहेत की रोज तीन मैल, चालत म्हणा पळत म्हणा, पण पाय हलले पाहिजेत. आणि तुझ्या सबबी काय कमी? बर्फ आहे, बूट चावतात, मीटिंग आहे, गुडघ्यात कळ येते. मी अक्षरशः पाठीला हात लावून तुला दाराबाहेर ढकलायची. अशात कंपनीनं तुला आठ महिने कॉर्कला धाडायचं ठरवलं. माझी शाळेतली नोकरी, त्यामुळे मी काही येणार नव्हते. तिथे तुला कोण ढकलणार? म्हणून मी गेटपाशी अडून बसले. माझ्या गळ्याला हात लाव आणि रोज धावेन म्हण, नाहीतर हे बोर्डिंग कार्ड फाडते, असं म्हणाले. मागे रांग लागली होती. चेहरा पांढराफटक पडला होता तुझा. मग दोन बोटं माझ्या गळ्याला, मंगळसूत्राच्या जरा वर टेकवलीस आणि म्हणालास, तुझ्या गळ्याची शपथ. मागच्या गोऱ्या बाईला वाटलं हा बायकोचा गळा दाबतोय. मी हसले, तू हसला नाहीस. तेवढ्यानंही माझं समाधान झालं नाही. दर आठवड्याला कुठे धावलास ते सविस्तर लिहायचं, दोन ओळींत गुंडाळायचं नाही, असं वर दरडावलं. आणि घरी आले ती निर्धास्त. कारण बावीस वर्षांत तू कधी कशाचीही शपथ घेतली नव्हतीस. का घेत नाहीस ते एका माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. अशा माणसानं शपथ घेतली म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ, असं मी धरून चालले.

आणि मग तुझी पत्रं यायला लागली. अगबाई! तुझी पत्रं म्हणजे आजवर ‘पोचलो, हवा थंड आहे, विवेकला अभ्यास करायला सांग’ एवढीच असायची. आता चार-चार पानं. पहिल्या पत्रात तुझ्या तिथल्या घराजवळचं फिट्झजेराल्ड पार्क आणि ली नदीचा काठ. दुसऱ्यात नदीकाठच्या झाडांच्या रांगेखालून ब्लॅकरॉकच्या किल्ल्यापर्यंत. मग तू वीकेंडला बसनं डब्लिनला गेलास, तर फिनिक्स पार्कमधली हरणं. ‘धुकं गुडघ्याएवढं असतं तेव्हा यावं. हरणं मान वर करतात, धावणाऱ्याला ओळखल्यासारखं बघतात आणि पुन्हा चरायला लागतात.’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. ग्लेंडलॉकची दोन तळी आणि तो दगडी गोल मनोरा, ज्याचं दार जमिनीपासून दोन पुरुष उंचावर आहे, कारण साधू लोक शिडी वर ओढून घ्यायचे. मकरॉसच्या पडक्या मठात अंगणाच्या मधोमध उभं असलेलं ते जुनं झाड. कॅशेलचा खडक आणि वरचे वाऱ्यात उभे असलेले अवशेष. आणि प्रत्येक ठिकाणी किती मैल, चढ कुठे लागतो, पाणी कुठे मिळतं, सगळं नीट. मी सिंकपाशी उभी राहून वाचायची आणि मला वाटायचं, हा माणूस बावीस वर्षं माझ्या घरात राहिला आणि मला दिसलाच नाही. खरं सांगते, एकोणपन्नासाव्या वर्षी मी टपालपेटीची वाट बघायला लागले होते. लाज वाटतेय लिहायला, पण तसं झालं होतं.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला परत आल्यावर दाखवून चकित करायचं ठरवलं होतं. तू तिथे धावतोस तर मीही इथे धावेन, असं मी मे महिन्यात मनाशी घेतलं. पहिल्या दिवशी सलवार-कमीज आणि विवेकचे जुने बूट घालून निघाले. कोपऱ्यावरच्या म्हातारीनं गाडी थांबवली, काच खाली केली आणि हनी, तुझ्यामागे कोण लागलंय, पोलिसांना बोलावू का म्हणून विचारलं. विवेक सुट्टीला घरी आला तेव्हा त्यानं डोळे विस्फारून मॉम, यू आर जॉगिंग, असं तीनदा विचारलं आणि मग आपला जुना ट्रॅकसूट मला दिला. तुझं पत्र आलं की मी त्यातला रस्ता इथल्या रस्त्यांवर बसवायची. आपल्याकडे रस्ते आखून दिल्यासारखे मैलामैलावर, त्यामुळे सोपं. लाँग लेक रोडपासून स्क्वेअर लेक रोडपर्यंत बरोब्बर एक मैल, आणि नावात लेक असून दोन्हीकडे तळ्याचा पत्ता नाही. मग आपल्या सबडिव्हिजनच्या घरांमागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं ते डबकं माझं ग्लेंडलॉक. पाण्याची टाकी म्हणजे गोल मनोरा. लिव्हरनॉय रोडवरची दफनभूमी मकरॉसचा मठ. हरणांच्या ऐवजी कॅनडाची ती भांडखोर बदकं, ती मान वर करून बघतात आणि चरायला न लागता अंगावर येतात. तू पाच मैल लिहिलेस की मी पाच मैल. मकरॉसचे तू आठ लिहिलेस, तर अर्धे धावले, अर्धे रखडले, पण आठ पुरे केले. डॉक्टरनं तुला तीन सांगितले आणि हा आठ धावतोय, म्हणून मी कौतुकानं रडलेय त्या दिवशी दफनभूमीच्या कुंपणाला धरून. बावीस पौंड वजन उतरलं माझं.

आणि गावभर सांगितलं ना मी! तिथेच तर शेण खाल्लं. फोनवर मैत्रिणींना तुझी पत्रं वाचून दाखवली. मंडळाच्या गणपतीच्या अंकात ‘आयर्लंडच्या वाटांवर धावताना’ म्हणून तुझ्या दोन पत्रांतला मजकूर दिला, खाली तुझं नाव. ते वाचून आपल्यातल्या पाच-सहा ढेऱ्यांनी बूट आणले. ते बिचारे आता रोज सकाळी हाशहुश करत पळताहेत, आणि भेटले की गुरुदत्तला सांगा म्हणतात, त्यांनी आमचं आयुष्य बदललं. नोव्हेंबरात तुला पन्नास पूर्ण होतात, म्हणून मी सगळी पत्रं छान अक्षरात उतरवून, मध्ये मध्ये चित्रं लावून, एक पुस्तक बांधून द्यायचं ठरवलं होतं. चित्रांसाठी शुक्रवारी शाळा सुटल्यावर लायब्ररीत गेले.

तिथल्या बाईंना आयर्लंड म्हटलं, बागा-किल्ले म्हटलं, माझे मिस्टर तिथे धावतात म्हटलं. त्यांनी आतून एक पातळसं हिरव्या कव्हरचं पुस्तक आणून दिलं, कुणीतरी देणगी दिलेलं. आयर्लंडच्या निसर्गरम्य जागी धावण्याचे चाळीस रस्ते. मी खुशीत उघडलं. पहिला रस्ता फिट्झजेराल्ड पार्क. दुसरा ब्लॅकरॉकचा किल्ला. पान उलटलं तर फिनिक्स पार्क, आणि तिसऱ्या ओळीत गुडघ्याएवढं धुकं. हरणांनी मान वर केली, धावणाऱ्याला ओळखल्यासारखं बघितलं आणि पुन्हा चरायला लागली, इंग्रजीतून! मी तिथेच खाली कार्पेटवर बसले. मनोऱ्याचं दार, वर ओढलेली शिडी, मठातलं झाड, वाऱ्यातले अवशेष, कुठे पाणी मिळतं तेही, सगळं त्याच क्रमानं. अरे, क्रम तरी बदलायचास! आणि कहर म्हणजे त्यातले आकडे किलोमीटरचे आहेत. तू आकडा तोच उचललास आणि इथल्या सवयीनं पुढे मैल लिहून मोकळा झालास. इंचाच्या हजाराव्या भागावरून कामगारांना घरी पाठवणारा इंजिनियर तू! एक दिवस जरी खरोखर धावला असतास, तरी पायांना कळलं असतं. तुझे पाच ते पाच किलोमीटर होते रे, मी मूर्खासारखे मैल पळत होते.

ती बाई पाणी घेऊन आली, डॉक्टरला फोन करू का म्हणाली. मी पुस्तक माझ्या नावावर लावून घरी आले. जेवणाचं टेबल मोकळं केलं, एका बाजूला पुस्तक, एका बाजूला तुझी तेवीस पत्रं आणि हातात शाळेतली लाल पेन्सिल. पेपर तपासतात तसं एकेक वाक्य ताडून बघितलं. जे जे पुस्तकातलं, त्याच्याखाली रेघ. रात्रीचं जेवण केलं नाही, फोन घेतला नाही. शनिवारी सकाळी पाचला शेवटचं पत्र संपलं तेव्हा पानंच्या पानं लाल झाली होती. मला वाटत होतं तुझं एकही वाक्य निघायचं नाही. पण निघाली. थोडीच निघाली, पण रेघ न मारता उरली. ‘आज नदीवर एक पांढरं बदक आलंय, एका पायानं अधू आहे.’ हे पुस्तकात नाही. ‘एक म्हातारा रोज पाव घेऊन येतो आणि निम्मा स्वतःच खातो.’ हेही नाही. ‘तू असतीस तर इथे बसून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या असत्या.’ हे कुठल्या आयरिश माणसाला सुचणार? बदक पुन्हा जूनमध्ये आहे, ऑगस्टमध्ये आहे, त्याचा पाय बरा झाल्याचंही आहे. लंगडं बदक ग्लेंडलॉकच्या पत्रात कसं, आणि मकरॉसच्या पत्रात तोच म्हातारा कसा? सगळी उरलेली वाक्यं एकाच जागेवरून लिहिलेली होती, बसून.

मग मी तुझ्या घरमालकिणीला फोन लावला. तू शनिवारी फॅक्टरीत असतोस, तेव्हा मिसेस डॉनव्हनच उचलणार हे ठाऊक होतं. तिचं इंग्रजी मला चार आणेच कळतं, पण जे कळलं ते पुरे झालं. ती तुझं कौतुक करत होती बिचारी. तुमचे मिस्टर किती नेमानं वागतात, म्हणाली. सकाळी सहाला बूट घालून बाहेर, पाऊस असला तरी बाहेर. पार्कात नदीजवळच्या बाकावर बसतात, हिरवं पुस्तक मांडीवर घेऊन लिहीत असतात, आणि सात वाजले की परत. तिच्या नवऱ्यानं एकदा तुला धावायला निघताना पाहिलंय. वीस-तीस पावलं धावलास, थांबलास, छातीवर हात ठेवून झाडाला टेकलास, आणि पुन्हा बाकावर येऊन बसलास. तिला वाटलं मला हे सगळं माहीत असणार. मी हो हो म्हटलं, थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. आणि मग जी रडले, गुरुदत्त, ती काही खोटेपणानं फसले म्हणून नाही. तू घाबरलायस हे माझ्या लक्षातच आलं नाही, याचं रडू होतं ते. एवढा मोठा माणूस रोज बुटाच्या नाड्या बांधतो, भीतीनं धावत नाही आणि बायकोच्या भीतीनं ते सांगतही नाही! मी तुला दाराबाहेर ढकलत राहिले. आत काय होतंय ते एकदा तरी विचारायचं होतं मी. माझ्या या जिभेला हाड नाही, तुझ्या काकू म्हणायच्या ते काही खोटं नव्हतं.

पण राग आहेच, तो गेलाय असं समजू नकोस. कारण शपथ तू घेतलीस, आणि शपथेचं तुझ्या लेखी काय वजन आहे ते मला माहीत आहे. आपण इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात दोन दिवस बर्फात अडकून पडलो होतो, वीज नव्हती, आणि एका ब्लँकेटमध्ये बसून तू मला ती गोष्ट सांगितलीस. एकदाच, पुन्हा कधी नाही. नऊ वर्षांचा होतास. खाणीतल्या पाण्यात पोहायला जाऊ नको म्हणून आईनं बजावलं होतं. तू गेलास. केस ओले बघून तिनं विचारलं, तर तिच्या गळ्याला हात लावून म्हणालास, तुझ्या गळ्याची शपथ, गेलो नाही. दोन महिन्यांत टायफॉइडनं ती गेली. मग काकूंनी तुला वाढवलं. मी त्या वेळी तुला किती समजावलं, टायफॉइड पाण्यातून होतो, शपथेतून होत नाही, तू सायन्स शिकलेला माणूस. तू हो म्हणालास. आणि सात वर्षांपूर्वी सिटिझनशिपच्या समारंभात सगळे हात वर करून शपथ घेत होते तेव्हा तू नुसते ओठ हलवलेस. मी शेजारीच उभी होते, मी बघितलं. त्या माणसाच्या बोटांना धरून मी एअरपोर्टवर माझ्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. कुठे होती माझी अक्कल? तुझा चेहरा पांढरा का पडला ते मला आता कळतंय. आणि तू ती शपथ पहिल्या आठवड्यातच मोडून बसलास, तर गेले सहा महिने त्या बाकावर तुझं काय होत असेल तेही कळतंय.

आता जे लिहिणार आहे ते बसून वाच. उभा असशील तर बाक शोध, तुला एक चांगला ठाऊक आहे. मंडळाच्या गणपतीला आरती झाल्यावर आपली डॉक्टर सुलेखा पळीनं तीर्थ देत होती. मी ओंजळीतलं तीर्थ मान मागे करून प्यायले आणि तिचा हात तसाच थांबला. पुन्हा पी म्हणाली. मला वाटलं बाप्पाची कृपा, दोनदा तीर्थ! तिसऱ्यांदाही दिलं, आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिली. मी गिळताना गळ्यात एक छोटी गाठ वर-खाली होत होती, मंगळसूत्राच्या जरा वर. थायरॉइडची. तिनं त्याच आठवड्यात मला नेऊन सुईची तपासणी करवली. रिपोर्ट सरळ नाही आणि वाईटही नाही, संशय आहे म्हणतात, गाठ काढून बघितल्यावरच कळेल. तुझ्या छातीला सोसणार नाही म्हणून मी तुला कळवलं नव्हतं. आपल्या माणसांची हीच खोड, वाईट बातमी परदेशी कळवायची नाही. तू मला खोटे रस्ते लिहीत होतास आणि मी तुला सगळं मजेत आहे असं लिहीत होते, तेव्हा फार टेंभा मिरवायला मलाही तोंड नाही. गुरुवारी सकाळी आठला ऑपरेशन. तुझ्याकडे दुपारचा एक वाजलेला असेल. विवेक बुधवारी ॲन आर्बरहून येतोय, सुलेखा आत माझ्याजवळ थांबणार आहे.

काय मनात आलं तुझ्या, सांगू? तिथेच हात लावला होता, असं आलं. ज्या जागी दोन बोटं टेकवून शपथ घेतली आणि मोडली, त्याच जागी गाठ आली. शुक्रवारी लायब्ररीच्या कार्पेटवर माझ्याही मनात हेच आलं, माझा शपथेवर विश्वास नाही तरी आलं. पण काल मी सुलेखाला रडत रडत सगळं सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली ऐक. ही गाठ नवी नाही, म्हणाली, दोन-तीन वर्षांची तरी असेल. एप्रिलमध्ये माझी मान होती तशीच राहिली असती तर आणखी वर्ष-दोन वर्षं कुणाला दिसली नसती. मान बारीक झाली म्हणून दिसली. आणि मान बारीक झाली ती कशानं? तुझ्या पाच किलोमीटरांचे मी पाच मैल केले म्हणून. मकरॉसचे आठ मैल तू खोटे लिहिलेस आणि मी खरे धावले म्हणून. तू खरं लिहिलं असतंस, की मला भीती वाटते, मी बाकावर बसतो, तर मीही इथे सोफ्यावर बसले असते, शपथेवर सांगते. हे बघ, पुन्हा शपथच आली तोंडात! गाठ तुझ्या खोटेपणानं आलेली नाही, पण सापडलीय मात्र त्यामुळेच. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. तेवढी मऊ मी नाही, तुला माहीत आहे.

हे सगळं मला फोनवर सांगता आलं असतं. कागदावर लिहितेय त्याचं कारण वेगळं आहे. ऑपरेशन बहुतेक नीट होईल, आवाज थोडा घोगरा होईल म्हणतात, मग भांडताना मजा येईल. पण समजा नाही झालं नीट, तर तू त्या बाकावर बसून काय ठरवशील ते मला आत्ता लख्ख दिसतंय. एकदा नऊ वर्षांचा असताना ठरवलंस आणि एक्केचाळीस वर्षं ते ओझं वाहिलंस. पुन्हा ते होऊ द्यायची नाही मी, आणि तुझं हृदय ते पेलणारही नाही. आपल्या लहानपणी गल्लोगल्ली एक नियम होता, आठवतो? ज्याच्या गळ्याची शपथ, त्यानंच ‘सुटली’ म्हणायचं, तीनदा, की संपलं, कुणाला काही होत नाही. तू ज्याच्या गळ्याला हात लावलास तो गळा अजून शाबूत आहे आणि स्वखुशीनं सांगतोय. म्हणून हे सहीनिशी लिहून देतेय. कागद शर्टाच्या खिशात ठेव. गुरुवारी एकला बाकावर बसू नकोस, धावूही नकोस, त्या अधू बदकाच्या चालीनं पार्काला एक चक्कर मार, थकलास तर थांब, आणि घरी येऊन फोनजवळ बस. शपथ सुटली. सुटली. सुटली. आणि ते जुनं राहिलंय, खाणीच्या पाण्याचं. त्या माउलीला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर ओल्या केसांच्या पोराला बघून तिनं हसत हसत सोडली असती. मी तिची सून आहे, तिचा चुडा माझ्या हातात आहे, तेव्हा तिच्या वतीनं म्हणायचा हक्क माझा. गुरुदत्त, बाळा, तीही सुटली.

गळ्यासकट, आणि रागासकट, तुझीच
उत्तरा